हसविण्याचा अधिकार : कॅरोल बर्नेट यांचा अकरा वर्षांचा खेळ

आपल्याकडे वगात हसविण्याचे काम कोणाचे, हे मी सांगायला नको. ते सोंगाड्याचे. बाईने नाचावे, गावे, आणि सोंगाड्याने तिच्या शब्दाला शब्द भिडवून लोकांना हसवावे. गवळणीतील मावशी तेवढी लोकांना पोट धरून हसविते. पण लुगड्यातली ती मावशी म्हणजे पुन्हा पुरुषच! विनोदाची सनद जणू पुरुषाच्याच नावाने लिहिलेली आहे, असा हा रिवाज. तो फक्त आपल्याकडचा असता तर आजच्या विषयाचे कारण नव्हते. सातासमुद्रापलीकडे अमेरिकेत, दूरचित्रवाणीसारख्या अगदी नव्या साधनातही तोच रिवाज जसाच्या तसा जाऊन बसला होता. तो एका बाईने कसा मोडला, त्याची ही हकीकत आहे.

प्रथम हा खेळ कसा असे ते पाहू. अमेरिकेत दूरचित्रवाणी घराघरांत शिरली ती १९४८ च्या सुमारास आणि त्यानंतर. त्या वेळी तिच्यावर दर आठवड्याला तासाभराचे विविध मनोरंजनाचे कार्यक्रम होत. थोडे गाणे, थोडा नाच, एखादा पाहुणा नट, आणि मधूनमधून पाच-दहा मिनिटांची प्रहसने. प्रहसन म्हणजे काय, तर एका प्रसंगावर बेतलेला छोटेखानी नाट्यप्रवेश. गोष्ट तिथेच सुरू होते आणि तिथेच संपते. या सगळ्या पसाऱ्याच्या मध्यभागी एक मुख्य विदूषक असे, आणि कार्यक्रमाला त्याचेच नाव असे. मिल्टन बर्ल, सिड सीझर, जॅकी ग्लीसन ही त्या काळातील मोठी नावे. सगळे पुरुष.

बायका नव्हत्या असे नाही. सिड सीझरच्या जोडीला १९५० ते १९५४ या काळात इमोजीन कोका नावाची अत्यंत हुशार नटी होती. पण तख्ताचा मालक सीझर, ती जोडीदारीण. मार्था रे या बाईंना स्वतःच्या नावाचा कार्यक्रम मिळाला होता, तो १९५६ पर्यंतच चालला. ल्युसिल बॉल यांचे नाव तर अमेरिकेत पोराटोरांना ठाऊक होते. १९५१ पासून त्यांनी सगळा देश हसविला. परंतु त्यांचा खेळ म्हणजे एका घराची, एका नवराबायकोची चालू गोष्ट. घराच्या चार भिंतींत बाईने गोंधळ घालावा आणि लोकांनी हसावे, याला कोणाची हरकत नव्हती. हरकत होती ती बाईने भर रंगमंचावर पुढे येऊन, दर आठवड्याला नवी दहा सोंगे घेऊन, सगळ्या ताफ्याची नायकी करण्याला.

कॅरोल बर्नेट ही मुलगी २६ एप्रिल १९३३ रोजी टेक्सास राज्यातील सॅन अँटोनिओ या गावी जन्मली. आई आणि बाप दोघेही दारूच्या आहारी गेलेले. तेव्हा तिला वाढविले ते आजीने. आजी नातीला घेऊन हॉलिवूडला आली, आणि एका जुनाट इमारतीतल्या एका खोलीत दोघींनी बिऱ्हाड थाटले. आई त्याच इमारतीत पलीकडच्या खोलीत. सिनेमाच्या मासिकांतून लिहावे अशी त्या आईची फार इच्छा; ती कधी धड पुरी झाली नाही. हे लक्षात ठेवा, पुढे याचा संबंध येणार आहे.

आजीला एकच शौक होता, सिनेमाचा. एका तिकिटात दोन चित्रपट दाखविण्याचा तो जमाना. आजी आणि नात मिळून आठवड्याला आठ-आठ चित्रपट पाहत. घरी परत आले की मैत्रिणीला गोळा करून, पाहिलेला सिनेमा ही पोर सबंध वठवून दाखवी. नायक तीच, नायिका तीच, राक्षसही तीच. शाळामास्तरांनी याला वेळेचा अपव्यय म्हटले असते. मीही बहुधा म्हटले असते. पण त्या पोरीची खरी शाळा ती होती.

१९५१ साली ती एका चित्रपटगृहात प्रेक्षकांना जागा दाखविण्याचे काम करी. हिचकॉकचा एक रहस्यपट चालू होता. शेवटची काही मिनिटे राहिली असताना एक जोडपे आत शिरू लागले. हिने सांगितले, आता थांबा, शेवट आधी पाहिलात तर मजा जाईल. व्यवस्थापकाने ते ऐकले, तिच्या गणवेशावरच्या खांद्याच्या पट्ट्या ओढून काढल्या आणि तिथल्या तिथे तिला काढून टाकले. पुढे हॉलिवूडच्या पदपथावर नामवंतांच्या नावाचे तारे बसवितात, तेव्हा तिला विचारण्यात आले, तुमचा तारा कुठे हवा? तिने त्याच चित्रपटगृहासमोरची जागा मागितली. तो तारा आजही तिथे आहे.

त्याच सुमारास ती लॉस एंजेलिसच्या विद्यापीठात दाखल झाली. तिला व्हायचे होते वार्ताहर. नाट्यशाखेतून शिकायचे तर अभिनयाचा वर्ग सक्तीचा होता. त्या वर्गात ती उभी राहिली आणि लोक हसले. खिजवून नव्हे, आनंदाने हसले. गरिबीत आणि भांडणाच्या घरात वाढलेल्या मुलीला तो आवाज किती गोड लागला असेल, हे शिक्षकबंधूंना सांगणे नको. वर्गातल्या मागच्या बाकावरच्या पोराला एकदा शाबासकी मिळाली की तो कसा बदलतो, हे आपण रोज पाहतो.

न्यूयॉर्कला जाऊन रंगभूमीवर नशीब काढावे असे तिला वाटे, पण पैसा कुठला? १९५४ मध्ये एका मेजवानीत विद्यार्थ्यांनी गाण्याचे प्रवेश करून दाखविले. तिथल्या एका धनिक गृहस्थाने तिला एक हजार डॉलर उसने दिले. अटी अशा : पाच वर्षांत बिनव्याजी परत करायचे, माझे नाव कोणाला सांगायचे नाही, आणि तुझे बरे झाले तर दुसऱ्या कोणाला असाच हात द्यायचा. पाच वर्षांनी, ठरल्या दिवशी, तिने ते फेडले. नाव तिने सांगितलेले नाही. न्यूयॉर्कला नाटकवेड्या मुलींच्या एका वसतिगृहात ती राहिली. कोणी काम देईना, तेव्हा त्या मुलींनी आपणच मिळून खेळ बसविला आणि दलालांना, निर्मात्यांना पत्रे टाकून बोलाविले. १९५७ साली तिने एक गमतीचे गाणे म्हटले. त्यात एक तरुणी जॉन फॉस्टर डलेस यांच्यावर भाळलेली आहे! डलेस म्हणजे त्या वेळचे अमेरिकेचे परराष्ट्रमंत्री, चेहऱ्यावर कधी हसू न दिसणारे. गाणे गाजले. १९५९ साली ब्रॉडवेवर संगीत नाटकात तिला मोठे काम मिळाले, आणि त्याच साली गॅरी मूर यांच्या दूरचित्रवाणी कार्यक्रमात ती रुजू झाली. तिथे तिने तीन वर्षे उमेदवारी केली.

आता मुख्य मुद्द्याकडे येतो. गॅरी मूर यांचा कार्यक्रम सोडताना सीबीएस या कंपनीशी कॅरोलबाईंचा दहा वर्षांचा करार झाला. करारात एक कलम असे होते, की पहिल्या पाच वर्षांत बाईंनी मनात आणले तर कंपनीने त्यांना तासाभराच्या विविध मनोरंजनाचे तीस कार्यक्रम दिलेच पाहिजेत. नाही म्हणण्याची सोय कंपनीला नाही. सगळ्यांना, खुद्द बाईंनाही, या कलमाचा जवळजवळ विसर पडला होता. लग्न झाले होते, पदरी मूल होते, नवे घर घेतले होते आणि घरात बसायला धड खुर्च्या नव्हत्या. पाच वर्षांची मुदत संपायला शेवटचा आठवडा उरला, १९६६ च्या नाताळानंतरचा. तेव्हा बाईंनी आणि त्यांचे पती जो हॅमिल्टन यांनी करार काढून पाहिला आणि कंपनीला फोन लावला.

पलीकडच्या अधिकाऱ्याचे म्हणणे असे पडले, की हा प्रकार पुरुषांचा आहे. सीझर, ग्लीसन, बर्ल यांची नावे त्याने घेतली. बाईंनी आपली एखादी घरगुती गोष्टीची मालिका करावी, आमच्याकडे एक छान तयारही आहे. या गृहस्थाला मी दुष्ट म्हणणार नाही. त्याने इतिहासाकडे पाहिले आणि जे आजवर झाले नाही ते होणार नाही, असा हिशेब केला. असा हिशेब पुष्कळ शहाणी माणसे करतात. बाईंनी वाद घातला नाही. कलमावर बोट ठेवले. ज्या कागदावर सही आहे तो कागद जपून ठेवावा आणि मुदत संपायच्या आत वाचावा, हे आपल्या खेड्यांतल्या पुष्कळ आयाबहिणींना सातबाराच्या वेळी कळते. इथे ते एका नटीला कळले होते.

११ सप्टेंबर १९६७ रोजी, सोमवारी रात्री, 'द कॅरोल बर्नेट शो' सुरू झाला. त्या वेळी भारतात दूरचित्रवाणी होती ती फक्त दिल्लीला. मुंबईचे केंद्र निघाले ते १९७२ च्या २ ऑक्टोबरला. पहिला पाहुणा जिम नेबर्स. पहिला खेळ यशस्वी झाला म्हणून पुढे प्रत्येक वर्षीच्या पहिल्या खेळाला त्यालाच बोलवायचे, असा शकुनाचा प्रघात पडला. शकुन मानणारे आपणच तेवढे, असे समजू नये.

आरंभच निराळा असे. पडदा उघडला की सोंग नाही, गाणे नाही. बाई स्वतः, साध्या बाईमाणसासारख्या, पुढे येत आणि म्हणत, प्रेक्षागृहातले दिवे लावा. मग लोकांनी हात वर करावे आणि वाटेल ते विचारावे. प्रश्न आधी ठरविलेले नसत. कल्पना सुचविली तेव्हा बाईंना धास्तीच वाटली होती; कोणी काहीच विचारले नाही तर? आणि कोणी नको ते विचारले तर? पण ती दहा मिनिटे कार्यक्रमाचा प्राण ठरली. आता पुढे हीच बाई म्हातारी होईल, मोलकरीण होईल, दात पुढे आलेली राजकन्या होईल. परंतु ती खरी कशी आहे हे लोकांनी आधी पाहून घेतलेले असे. म्हणून हसण्यात आपलेपणा येई. शेवटी निरोप घेताना त्या कानाची पाळी ओढत. ती घरी बसलेल्या आजीसाठी ठरलेली खूण होती : मी बरी आहे, माझा जीव तुझ्यावर आहे.

खेळाचा व्याप केवढा होता म्हणता? अठ्ठावीस वादकांचा ताफा, बारा नर्तक, पाहुणे, आणि दर आठवड्याला साठ-पासष्ट पोशाख. शुक्रवारी लोकांसमोर दोनदा खेळ होई, एकदा दुपार उलटल्यावर आणि एकदा रात्री. दोन्ही चित्रित करून त्यातले चांगले निवडून जोडत. मध्ये थांबणे, पुन्हा करणे शक्यतो नाही. नाटकासारखेच. सोबतीला हार्वी कॉर्मन हा कसलेला नट, लायल वॅगनर हा देखणा निवेदक, आणि व्हिकी लॉरेन्स. या व्हिकीची गंमत ऐका. ती शाळेच्या शेवटच्या वर्गात होती. तुझा चेहरा कॅरोल बर्नेटसारखा आहे असे तिला सगळे म्हणत, म्हणून तिने बाईंना पत्र लिहिले आणि वर्तमानपत्राचे कात्रण जोडले. बाई गावच्या स्पर्धेत तिला पाहायला स्वतः गेल्या आणि अनुभवाचा पत्ता नसलेल्या त्या पोरीला त्यांनी ताफ्यात घेतले. त्या हजार डॉलरवाल्या गृहस्थाची तिसरी अट आठवते ना?

टिम कॉनवे आधी पाहुणा म्हणून येई, १९७५ पासून कायमचा झाला. तो पहिल्या खेळात लिहिल्याप्रमाणे करी आणि दुसऱ्या खेळात मनात येईल ते. १९६९ च्या एका प्रहसनात तो नवशिका दंतवैद्य आहे, आणि बधिर करण्याची सुई रोग्याला देण्याऐवजी चुकून स्वतःच्या हातात टोचून घेतो. हात लोंबकळतो. मग पायात टोचतो, पाय जातो. रोग्याच्या खुर्चीत हार्वी कॉर्मन. हसू दाबता दाबता त्याचे अंग थरथरत असलेले स्पष्ट दिसते. नटाने रंगमंचावर हसू नये, हा नियम मलाही मान्य आहे. पण इथे तो मोडला म्हणून प्रेक्षक रागावत नसत. मालकीणबाई आपल्या खेळात दुसऱ्याला वरचढ होऊ देते, त्याला टाळी घेऊ देते, याचे त्यांना कौतुक वाटे. पुष्कळ नामांकित विदूषकांना हे जमले नव्हते.

सर्वांत गाजलेले प्रहसन १३ नोव्हेंबर १९७६ चे. 'गॉन विथ द विंड' हा १९३९ चा प्रचंड चित्रपट, अमेरिकेच्या यादवी युद्धावरचा. त्याच महिन्यात तो दूरचित्रवाणीवर प्रथमच सबंध देशाला दाखविण्यात आला होता, म्हणजे लोकांच्या मनात तो ताजा होता. त्यात नायिका युद्धाने कफल्लक झालेली असते. कर भरायला पैसे हवेत, श्रीमंत पुरुषापुढे तर गरिबी दिसता कामा नये. मग ती घरातले हिरवे मखमली पडदे उतरवून त्यांचा झगा शिवते. प्रसंग गंभीर आहे, आणि खरेही आहे. लाज झाकण्यासाठी घरातले काय काय काढावे लागते हे गरिबांना माहीत असते. आता या प्रहसनात पडद्याचा झगा अंगाला गुंडाळून बाई जिन्यावरून उतरतील, एवढेच लिहिलेले होते. पोशाख करणारे बॉब मॅकी यांना वाटले, यात हसू कुठे आहे? त्यांनी पडदा दांड्यासकट घेतला. बाई जिन्यावर उभ्या राहिल्या तेव्हा पडद्याचा आडवा दांडा दोन्ही खांद्यांवर, गोंडे लोंबत असलेले, आणि चेहरा राणीसारखा गंभीर. प्रेक्षागृहात जो हशा उसळला तो थांबेचना. नायक झग्याची तारीफ करतो तेव्हा ती ऐटीत सांगते, की खिडकीत दिसला आणि मोह आवरला नाही. तिकडे दुकानाच्या काचेच्या दर्शनी भागालाही खिडकीच म्हणतात, म्हणून हा शब्दश्लेष. तो झगा वॉशिंग्टनच्या स्मिथसोनियन या राष्ट्रीय संग्रहालयाच्या संग्रहात आहे.

माझ्या मते मात्र त्या झग्यापेक्षा मोठे काम दुसरेच आहे. १९७४ पासून 'कुटुंब' या नावाची प्रहसने सुरू झाली. डिक क्लेअर आणि जेना मक्‌मॅहन या दोघांनी ती लिहिली. युनिस नावाची एक बाई, तिचा हार्डवेअरचे दुकान चालविणारा नवरा एड, आणि युनिसची आई. आई सतत टोचून बोलते. युनिसला काहीतरी व्हायचे होते, गायचे होते, नाव काढायचे होते; ते झाले नाही आणि आता होणारही नाही. एकत्र जेवायला बसतात, खेळायला बसतात, आणि दहा मिनिटांत जुनी भांडणे उकरून निघतात. लेखकांनी आईची भूमिका कॅरोलबाईंना योजली होती. बाईंनी युनिस मागून घेतली, आणि आई केली व्हिकी लॉरेन्सने, म्हणजे वयाने सोळा वर्षांनी लहान असलेल्या मुलीने. बोली घेतली टेक्सासकडची, आपल्या माणसांची. लेखकांना ती प्रथम रुचली नव्हती.

एकदा तालमीत सर्वांनी ठरविले, की आज हेल नको, अतिशयोक्ती नको, सरळ बोलून पाहू. तसे केल्यावर त्यात हसण्यासारखे काही उरले नाही. रडू येईल असे ते झाले. पलीकडच्या खोलीतली, मासिकांत लिहू पाहणारी ती आई इथे कुठेतरी असणार, असे हे प्रवेश पाहताना मला वाटत राहते. व्हिएतनामच्या युद्धाचे ते दिवस. त्याच कंपनीवरचा स्मदर्स बंधूंचा कार्यक्रम राजकीय थट्टेपायी अडचणीत येऊन १९६९ मध्ये बंद झाला होता. कॅरोलबाई राजकारणाच्या वाटेला गेल्या नाहीत, याबद्दल काहीजण नाक मुरडतात. घरात बाई कशी चिरडली जाते, आणि चिरडलेली बाई पुढे दुसऱ्याला कशी चिरडते, हे ज्यांनी सबंध देशाला दाखविले त्यांनी काही सांगितले नाही, असे मी म्हणणार नाही.

एक गोष्ट राहिली. सीझर किंवा ग्लीसन यांना प्रवेश आवडला नाही तर ते लेखकांना सरळ फैलावर घेत. पुरुष मालकाचा दरारा म्हणून ते चालून जाई. कॅरोलबाई लेखकांना बोलावून म्हणत, मला हे नीट जमत नाही, एखादे जोरदार वाक्य देऊन मला मदत कराल का? दोष लिखाणाचा, पण पदरी घ्यायचा स्वतःच्या. हे त्यांनी पुढे स्वतःच सांगितले आहे. बाईने आवाज चढविला तर तिला काय म्हणतात हे त्यांना ठाऊक होते. ल्युसिल बॉल यांनाही, नवरा बाजूला झाल्यावर, हाच पेच पडला होता. त्यांनी कडक होण्याचा मार्ग पत्करला आणि त्याबद्दल बोलही ऐकले. या दोघींचे सख्य होते. ल्युसिल दरवर्षी कॅरोलबाईंच्या वाढदिवसाला फुले धाडीत. १९८९ च्या २६ एप्रिलला सकाळी ल्युसिल वारल्या. फुले दुपारी पोहोचली.

खेळ अकरा वर्षे चालला. पावणेतीनशेच्या वर प्रयोग झाले, एमी नावाची पारितोषिके पंचवीस मिळाली. १९७७ मध्ये कॉर्मन सोडून गेला. कंपनी आणखी एक वर्ष द्यायला तयार असताना बाईंनीच थांबायचे ठरविले. शेवटचा खेळ २९ मार्च १९७८ ला दाखविला गेला. त्यात त्या मोलकरणीच्या सोंगात आल्या, पालथ्या बादलीवर बसल्या आणि निरोपाचे गाणे म्हणाल्या.

पुढे १९८७ मध्ये अमेरिकेत ट्रेसी उलमन यांचा आणि त्याच साली इंग्लंडात डॉन फ्रेंच व जेनिफर सॉन्डर्स या दोघींचा प्रहसनांचा कार्यक्रम सुरू झाला. तोवर हा प्रकार पुरुषांचा आहे, असे कोणी फोनवर सांगण्याचे दिवस मागे पडले होते. व्हिकीची ती आई इतकी लोकांच्या मनात बसली, की १९८३ पासून तिच्यावर स्वतंत्र मालिका निघाली. कॅरोलबाईंच्या पहिल्या पाच वर्षांचे खेळ मात्र फेरप्रक्षेपणात नसत. ते बाहेर आले २०१५ साली. जी पोर पाहिलेले सिनेमे एका खोलीत करून दाखवी, तिची पहिली सोंगे लोकांना पुन्हा पाहायला मिळाली तेव्हा ती ब्याऐंशी वर्षांची होती.